योजना फळास आली की नाही, हे कसे ओळखावे?

मागील पावसाळ्यापूर्वी आपल्या धर्मग्रामात कंपोस्टचे खड्डे बांधण्याची योजना झाली, हे वाचकांस ठाऊकच आहे. विटा, सिमेंट व थोडी मजुरी समितीने दिली. बाकीचे श्रम ज्याचे त्याने केले. वर्षअखेरीस अहवाल धाडावयाचा होता, तो आम्ही एका संध्याकाळी बसून लिहून काढला. खड्डे किती झाले, पैसा किती लागला, उद्घाटनास कोण आले होते, सर्व लिहिले आणि शेवटी 'योजना यशस्वी झाली' असे वाक्य टाकून सही केली. पुढे फेब्रुवारीत आजाऱ्यांच्या भेटीस वाडीवाडीतून फिरताना ते खड्डे डोळ्यांनी पाहिले. काहींत चांगले काळे खत मुरत होते. पुष्कळांत मात्र सरपण रचलेले होते, आणि एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती. अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता. अहवाल मात्र खोटा होता.

यंदा पुन्हा थोडा पैसा मिळावयाचा आहे. तो खड्ड्यांना द्यावा की बालवाडीतील मुलांच्या आहारास, हे समितीने मृगापूर्वी ठरवावयाचे आहे. दोन्हींना पुरेल इतका तो नाही. तेव्हा एखादी योजना फळास आली असे केव्हा म्हणावे, याचा विचार आपण सर्वांनी मिळून करणे बरे.

पहिली गल्लत आम्ही केली तीच होय: झालेले काम मोजले, झालेला लाभ मोजला नाही. ही गल्लत मोठमोठ्या योजनांतही होते. ओरिसात पुरी जिल्ह्यातील १०० गावांत संडास बांधण्याच्या कार्यक्रमाची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत काम आधी केले व निम्मी गावे तुलनेसाठी ठेवली. काम झालेल्या गावांत संडास असलेली घरे शेकडा ९ वरून ६३ वर गेली. एवढ्यावर थांबले असते तर हारतुरे झाले असते. परंतु तपासणाऱ्यांनी पाच वर्षांखालील मुलांच्या हगवणीची नोंद ठेवली होती. काम झालेल्या गावांत ती शेकडा ८.८ आणि न झालेल्या गावांत ९.१, म्हणजे जवळजवळ सारखीच. संडास बांधले गेले, पण अनेक घरांतून वापर होत नव्हता व लहान मुलांची घाण पूर्वीसारखीच बाहेर पडत होती. यावरून संडास नकोत असे कोणी समजू नये. भिंती मोजून आरोग्य मोजले जात नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट तुलनेची. ती शेतकऱ्यास शिकवावी लागू नये. खत घातले आणि भात चांगले आले, तर ते खताने आले की पावसाने? इंग्लंडात रॉथमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाच्या एका शेताचे पट्टे पाडून निरनिराळी खते घालावयास आरंभ केला आणि एक पट्टा मुद्दाम बिनखताचा ठेवला. तो प्रयोग आजही चालू आहे. त्या रिकाम्या पट्ट्यावाचून बाकीच्या पट्ट्यांना काही अर्थच उरला नसता. पुढे १९१९ साली तेथे फिशर नावाचे गणिती आले. कोणत्या तुकड्यास काय घालावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे, असे त्यांनी सांगितले. कारण उघड आहे. नवे बियाणे मिळाले की आपण ते विहिरीजवळच्या काळ्या रानात टाकतो आणि मग बियाण्याची वाहवा करतो!

आरोग्याच्या कामात अशा तुलनेचे चांगले उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविले, आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९३ ते १९९५ या काळात आधी दोन्हीकडची स्थिती पाहून ठेवली होती. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे इकडे ६२ व तिकडे ५८ होती. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी इकडे २५.५ आणि तिकडे ५९.६ राहिली. शेजारची गावे नसती तर 'काळच बदलला, रस्ते झाले' असे कोणीही म्हणू शकले असते. कोणी विचारील, तुलनेच्या गावांतील बाळांवर हा अन्याय नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. तेथे सरकारी आरोग्यसेवा चालूच होती, आणि उपाय लागू पडतो की नाही हे आधी कोणास ठाऊक नव्हते. आमच्या मते ते कळल्यावरही लपविणे हा अन्याय ठरला असता. पुढे २०११ पासून सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशा गृहभेटी देशभर सुरू केल्या.

खर्चाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नसतो. राजस्थानात उदयपूरकडील १३४ गावांत मुलांच्या लसीकरणाची तपासणी झाली. जेथे काहीच वेगळे केले नाही तेथे सर्व लसी पूर्ण झालेली मुले शेकडा ६ होती. जेथे शिबिर नेमाने भरले तेथे १८, आणि जेथे शिबिराबरोबर दर लशीस किलोभर डाळ व शेवटी थाळ्या दिल्या तेथे ३९. डाळ वाटणे ही उधळपट्टी वाटते. पण लसी पूर्ण झालेल्या दर मुलामागे खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. नर्सबाई दिवसभर बसतेच. तिच्यापुढे दहा मुले आली काय नि तीस आली काय!

आता आपल्या खड्ड्यांकडे येऊ. ते रिकामे का, हे कोणताही आकडा सांगत नाही. आम्ही विचारले तेव्हा प्रत्येक घरी 'छान आहे, फादर' असेच उत्तर मिळाले. धर्मगुरूला तोंडावर नाही कोण म्हणणार? म्हणून सिस्टरांना पाठविले. त्या चुलीपाशी बसल्या, चहा घेतला, आणि तिसऱ्या घरी एक आजी म्हणाल्या, "शेण सगळं खड्ड्यात घातलं तर शेण्या कशाच्या थापू, आणि चूल कशावर पेटवू?" योजना आखताना समितीत एकही बाई नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे. पाला, गवत, भाताचा पेंढा यांवर जास्त भर देऊन थोड्याच शेणात खड्डा भरता येतो. तसे आधी सांगितले असते तर काही खड्डे वाचले असते.

तेव्हा या खरिपात असे करावयाचे ठरले आहे. ज्यांच्या खड्ड्यात खत तयार आहे त्यांनी एकाच भातखाचरात गुंठा-गुंठ्याचे दोन तुकडे आखावे, मध्ये बांध घालावा, म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्यात जाणार नाही. कोणत्या तुकड्यात खत घालावयाचे ते नाणे उडवून ठरवावे. बियाणे, लावणीचा दिवस व भांगलण दोन्हीकडे एकच. कापणी व मळणी निरनिराळी करावी आणि भात वाळल्यावर वजन करावे. कंपोस्टाचा गुण सावकाश उतरतो. पहिल्या वर्षी फरक थोडा दिसला तर निराश होऊ नये, तेच तुकडे तीन वर्षे राखावे. बालवाडीतील मुलांची वजने सिस्टर या महिन्यापासून घेत आहेत. आहार सुरू होण्यापूर्वीचे वजन हाती नसेल तर नंतरच्या वजनास विचारतो कोण?

तुकडा देण्यास तयार असणाऱ्यांनी रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षकांकडे नाव द्यावे. ज्यांचा खड्डा रिकामा आहे त्यांनीही यावे, कारण तो का रिकामा राहिला हे आम्हांस हवे आहे. नाव लिहून घेतले जाणार नाही. वजनाचा काटा समितीचा आहे, पोती मात्र घरची आणावी.