मालकाने मधे मधे केलं की संघ का बिघडतो?

प्रश्न : अमेरिकेच्या एनबीएमधला एखादा बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं हरत राहिला, की ‘मालकाची लुडबुड’ हे कारण हमखास ऐकू येतं. पण पैसा त्याचा, संघ त्याचा. त्याने जातीने लक्ष घातलं तर संघ सुधारायला नको का?

उत्तर : शंका रास्त आहे. मालक स्वतः गल्ल्यावर बसला की दुकान नीट चालतं, हे आपण रोज पाहतो. संघाचं तसं का होत नाही, हे सॅक्रामेंटो किंग्जवरून समजेल. त्याचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. 2019 मध्ये भारतातले पहिले एनबीए सामने वरळीच्या डोममध्ये झाले, तेव्हा किंग्जच खेळायला आले होते.

2013 मध्ये हा संघ सिअ‍ॅटलला जायच्या बेतात होता. रणदिवे आणि भागीदारांनी तो विकत घेऊन गावातच ठेवला, पुढे नवं स्टेडियमही उभं राहिलं. ही मालकाचीच कामं, आणि ती त्यांनी उत्तम केली. तेव्हा लक्ष घालणं वाईट, हा समज आधी काढून टाकू.

बिघडलं ते पुढे. नव्या मालकांनी आधी प्रशिक्षक नेमला, मायकेल मलोन. त्याच्यावरचा जनरल मॅनेजर नंतर. सून आधी घरात आणून मग सासू शोधावी, तसंच हे. ज्याने प्रशिक्षकाला निवडलंच नाही, तो त्याच्यासाठी मालकाशी भांडेल कशाला? डिसेंबर 2014 मध्ये मलोनला काढलं. मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स खेळत असताना त्या मोसमात संघाने 9 सामने जिंकले होते, 6 हरले होते. मेंदूज्वराने तो बाहेर बसला आणि पुढच्या 9 पैकी 7 सामने गेले. दुखणं खेळाडूचं, औषध मात्र प्रशिक्षकाला! त्या एका मोसमात संघाने तीन प्रशिक्षक पाहिले आणि 82 पैकी 53 सामने गमावले.

मालकाला खेळातलं कळत नाही म्हणून असं होतं, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही; थोडं कळणं जास्त महागात पडतं. रणदिवेंनी पूर्वी आपल्या मुलीच्या शालेय वयाच्या संघाला शिकवलं होतं. बास्केट झाल्यावर प्रतिस्पर्ध्याला पाच सेकंदांत चेंडू आत टाकावा लागतो. त्यांच्या मुली मागे न जाता तिथेच समोरच्यांना घेरायच्या. बारा वर्षांच्या पोरी गडबडून जायच्या, चेंडू हातचा जायचा. युक्ती खरंच सुंदर होती. पण एनबीएतला खेळाडू त्या वेढ्यावरून लांब पास देतो, आणि पलीकडचं अर्धं कोर्ट त्याला मोकळं मिळतं. एकदा यश दिलेली कल्पना माणसाला सोडवत नाही. बचावाला चारच खेळाडू ठेवून पाचवा पुढे उभा करावा, असं रणदिवेंनी सुचवल्याचंही तेव्हा छापून आलं होतं.

आता खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. प्रशिक्षक सांगतो, ‘मागे धाव, बचाव कर.’ पण हा प्रशिक्षक पुढच्या महिन्यात असेल का, हेच ठाऊक नसेल, तर दमलेले पाय कोण ओढेल? दरवेळी नवी पद्धत येते, नवे डावपेच पाठ करायचे. जुन्या प्रशिक्षकासाठी घेतलेले खेळाडू नव्याला नको असतात.

पैसा ओतून चूक भरून काढावी, तर एनबीएत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. नवोदित खेळाडू निवडण्याचे भावी हक्क विकून टाकणं हा दुसरा मोह. टेड स्टेपिएन या क्लीव्हलंडच्या मालकाने 1980 नंतर असे हक्क इतके उधळले, की लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकता येणार नाहीत असा नियमच लीगने केला. तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

किंग्जना 2006 नंतर थेट 2023 मध्ये प्लेऑफ दिसले, माइक ब्राउन प्रशिक्षक असताना. त्याच 2023 मध्ये मलोनने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. तिथला तो त्याचा सलग आठवा मोसम होता. ब्राउनला किंग्जनी डिसेंबर 2024 मध्ये काढलं.