काश्मीरच्या खोऱ्यातील हरुद

ऑक्टोबर सरत आला की काश्मीरमध्ये चिनारांची पाने प्रथम पिवळी, मग तांबडीलाल होऊन गळू लागतात. त्या दिवसांना काश्मिरी लोक ‘हरुद’ म्हणतात. गळालेली पाने झाडून गोळा करावयाची व त्यांचा कोळसा करून ठेवावयाचा, हे तेथील बायकांचे या दिवसांतले एक मोठेच काम. हिवाळ्यात तोच कोळसा कांगडीत घालतात. कांगडी म्हणजे काटक्यांच्या विणीत बसविलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. अंगातल्या पायघोळ फिरनच्या आत ते धरून माणसे थंडी काढतात. पांपूरच्या पठारावर केशराची जांभळी फुले खुडली जातात. घरोघरी भोपळे, वांगी चिरून उन्हात वाळत घातलेली दिसतात. पण या साऱ्या लगबगीत प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : यंदा बर्फ केव्हा पडेल?

या प्रश्नाचे उत्तर सोपे का नाही, हे समजण्यासाठी या खोऱ्याची ठेवण पाहिली पाहिजे. खोरे सुमारे १३५ किलोमीटर लांब व ३२ किलोमीटर रुंद आहे. नैर्ऋत्येस पीरपंजाळची रांग, ईशान्येस मुख्य हिमालय, आणि मधून वाहणारी झेलम. आपल्याकडे धो धो कोसळणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस पीरपंजाळने बराचसा अडविल्यामुळे येथे बेताचाच येतो. हरुदाचे दिवस तर बहुधा कोरडे व निरभ्र असतात. येथील पाऊस व बर्फ प्रामुख्याने आणतात ते पश्चिमेकडून येणारे वायुप्रवाह. भूमध्य समुद्राच्या आसपास कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात; उंचावरील वाऱ्यांबरोबर ते इराण व अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकतात. त्यांना पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात. त्यांतील दमट हवा पर्वतांना अडून वर चढते, थंड होते, आणि मग पाऊस किंवा बर्फ पडू लागतो.

पाऊस की बर्फ, हे मात्र उंचीवर अवलंबून असते. सामान्यतः दर १,००० मीटर चढल्यावर हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरांवर. म्हणजे श्रीनगरात सहा अंश तपमान असेल, तर गुलमर्गास ते शून्याच्याही खाली गेलेले असावयाचे. एकाच ढगातून खाली पाऊस व वर बर्फ पडतो, तो असा! अंदाजात दोनतीन अंशांची चूक झाली, तर खोऱ्यातही पावसाऐवजी बर्फ पडतो.

निरभ्र रात्री मात्र हाच नियम उलटा होतो. जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून निवते. तिला लागलेली हवा गार व जड होऊन उतारांवरून खोऱ्याच्या तळाशी साचते. पहाटे तळातील गवतावर दव गोठलेले असते, तर थोड्या वरच्या उतारावर तितका कडाका नसतो. आकाशात ढग आले की रात्र त्या मानाने उबदार जाते. थंडीच्या दिवसांत एकाएकी ऊब वाटू लागली, तर जाणता माणूस खूष होत नाही. तो पश्चिमेकडे पाहतो.

सफरचंदवाल्याला तर या पाहण्यावाचून गत्यंतर नाही. त्याचा बहुतेक माल सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो, परंतु ‘महाराजी’सारखी उशिरा पिकणारी जात त्यानंतरही झाडावर असते. फळ लवकर तोडावे तर रंग भरलेला नसतो. थांबावे तर बर्फाचे भय. जानेवारीतील बर्फ कोरडा, आणि झाडेही तेव्हा निष्पर्ण असतात. नोव्हेंबरचा बर्फ ओला व जड असतो. तो अजून न गळलेल्या पानांवर साचतो आणि वर्षानुवर्षे वाढविलेल्या फांद्या कडाकड मोडतात. सन २०१८ मध्ये ३ नोव्हेंबरला व सन २०१९ मध्ये ७ नोव्हेंबरला असेच घडले. त्या दोन्ही वर्षी बागांची मोठी हानी झाली. गेलेले फळ पुढील साली पुन्हा येते. मोडलेले झाड उभे करावयास मात्र बरीच वर्षे लागतात.

आज हवामानखात्यापाशी उपग्रहांची छायाचित्रे असतात. पश्चिमी प्रक्षोभ काश्मीरपासून दूर असतानाच तो दिसतो, आणि काही दिवस आधी इशारा देता येतो. पिवळा, नारिंगी व तांबडा असे इशाऱ्यांचे रंग ठरलेले आहेत. ‘डोंगरांवर हिमवृष्टी, सखल भागात पाऊस अथवा हलका बर्फ’ असे दोन ओळींचे वर्तमान येते. त्यातील ‘अथवा’ या एका शब्दावर बागवानाची झोप उडते. मग घरातील लहानथोर सारे टोपल्या घेऊन बागेत जातात. बर्फ पडू लागलाच, तर लांब काठ्यांनी फांद्या हलवून तो वरचेवर झाडावा लागतो, मग रात्र असो वा पहाट.

गंमत अशी की, दीड महिन्याने येणाऱ्या बर्फाची हीच माणसे वाट पाहतात. २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो. तेव्हा पर्वतांवर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळून झरे, ओढे व भातखाचरे यांना पाणी पुरवितो.

हिवाळ्यात असा प्रक्षोभ पूर्वेकडे निघून गेला की त्याच्या पाठोपाठ उत्तरेकडील कोरडे, गार वारे वाहू लागतात. कधी कधी ते आपल्यापर्यंतही पोहोचतात. अशा वेळी नाशिक जिल्ह्यात निफाडकडचे शेतकरी द्राक्षे वाचविण्यासाठी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून जागत बसतात.