बेल्ट किंचाळतोय? पाना लावण्याआधी कारण शोधा, मग पैसे मोजा

पहाटे बहारीनमधल्या गुदैबियाच्या गल्ल्यांतून कँटर आणि पिकअप कामावर निघतात, तेव्हा त्यातल्या एखाद्या इंजिनातून कर्कश किंकाळी उठते आणि मिनिटभरात विरते. चालक म्हणतो, बेल्ट ढिला झालाय, टाइट करून घेऊ. गॅरेजवालाही तेच म्हणतो, पाना मारतो, दोन-तीन दिनार घेतो. काही दिवसांनी आवाज पुन्हा हजर. मग पुन्हा पाना, पुन्हा दिनार. असं दोन-तीनदा झालं की अल्टरनेटरचं बेअरिंग घरघरू लागतं आणि किरकोळ वाटलेलं काम मोठ्या बिलावर जातं.

किंकाळीचा अर्थ एवढाच, की बेल्ट पुलीवर घसरतोय. का घसरतोय, हे त्या आवाजावरून कळत नाही. ताण कमी असेल, बेल्ट झिजून गुळगुळीत झाला असेल, त्यावर तेल किंवा कूलंट उडत असेल, पुली वाकडी बसली असेल किंवा एखादं बेअरिंग अडकत असेल. यातल्या पहिल्याच कारणावर पाना हा उपाय आहे. बाकी ठिकाणी ताण वाढवला की आवाज थोडे दिवस दबतो आणि खरा बिघाड आत वाढत राहतो.

आणि हा नुसता आवाजाचा त्रास नाही. याच बेल्टवर वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरतात. अनेक जपानी डिझेल पिकअप आणि छोट्या ट्रकांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. तिथे बेल्ट तुटला की चार्जिंग बंद होतं, इंजिन तापायला लागतं आणि थोड्याच वेळात ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. माल भरून किंग फहद कॉजवेच्या २५ किलोमीटरवर असताना हे होऊ द्यायचं नसेल, तर किंकाळी ऐकू येते त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या.

आवाज आधी स्वतः ऐका

गार इंजिन सुरू करताना लांब किंकाळी उठते, हेडलाइट आणि एसी लावले की वाढते आणि मग थांबते, तर बहुधा ताण कमी आहे किंवा बेल्ट गुळगुळीत झाला आहे. बहारीनची दमट हवा इथे भर घालते. रात्रीचं दव बेल्टवर बसलेलं असतं आणि बॅटरी कमजोर असेल तर ती भरून काढण्यासाठी सकाळी अल्टरनेटरवर जास्त भार येतो. म्हणून बॅटरी जुनी असेल तर आधी तीही तपासून घ्या. बेल्टवर केलेला खर्च कमजोर बॅटरीपायी वाया जाताना पुष्कळदा दिसतो.

चिमणीसारखा चिवचिवाट ठरावीक लयीत येत असेल आणि इंजिनच्या वेगाबरोबर लयही वाढत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समजा. अल्टरनेटर दुरुस्त करून परत बसवताना एखादा वॉशर राहून गेला की नेमकं हेच होतं. घरघर किंवा गुरगुर येत असेल तर संशय बेअरिंगवर घ्या.

रिब असलेल्या सपाट बेल्टसाठी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू असताना, हात आणि कपडे लांब ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या रिबच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारायला सांगा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेषेचा दोष. आवाज वाढला तर ताण कमी. पाण्याचा एक फवारा मारायला कुठलंच गॅरेज पैसे लावत नाही, म्हणून ही परीक्षा आग्रहाने मागा.

अडचण वेगळीच असते. पहाटे गुदैबियात किंचाळणारी गाडी सलमाबादच्या किंवा सित्र्याच्या गॅरेजात पोहोचेपर्यंत गरम होऊन गप्प बसते. मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही आणि तो अंदाजाने पाना उचलतो. त्यापेक्षा पहाटेचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा, एकदा एसी बंद ठेवून आणि एकदा चालू करून. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडा आणि सकाळी पहिलं स्टार्ट मेकॅनिकलाच मारू द्या. रात्रभर गाडी उभी ठेवायचे पैसे घेत नाहीत ना, एवढं आधी विचारून घ्या.

तुमचा बेल्ट कुठल्या जातीचा?

खर्च यावरच ठरतो. जुन्या धाटणीच्या ट्रकांत व्ही-बेल्ट असतो, कधी एकच, कधी शेजारी शेजारी दोन. त्याचा ताण अल्टरनेटरच्या पट्टीवरचा बोल्ट सैल करून किंवा आयडलर पुली सरकवून वाढवता येतो. नव्या इंजिनांत बहुतेक वेळा बारीक रिबांचा रुंद बेल्ट असतो आणि त्याला स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर असतो. असा टेन्शनर पान्याने ‘टाइट’ होत नाही. तुमच्या इंजिनाला तो असेल आणि कोणी नुसतं घट्ट करून देण्याचे पैसे मागितले, तर नेमकं काय केलं ते दाखवायला सांगा. टेन्शनरचा हात थरथरत असेल किंवा त्यावरच्या खुणेच्या टोकाला टेकला असेल, तर बेल्ट लांबला आहे किंवा टेन्शनर संपला आहे.

व्ही-बेल्टची वरची कड पुलीच्या कडेला समपातळीत किंवा किंचित वर असायला हवी. बेल्ट झिजून खाचेच्या तळाला टेकला असेल तर कितीही ताणा, तो घसरणारच, कारण त्याची पकड दोन बाजूंच्या उतारावर असते, तळावर नाही. दोन बेल्टांची जोडी असेल तर दोन्ही एकदमच आणि एकाच मापाचे बदला. एक नवा, एक जुना लावला की सगळा भार नव्यावर येतो आणि तो लवकर संपतो.

भेगा मोजण्याची जुनी सवय रिबच्या बेल्टला पुरत नाही. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट तडकायचे. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे झिजतात आणि एकही भेग न पडता निकामी होतात. म्हणून ‘बेल्ट तर नवाच दिसतोय’ हे उत्तर पुरेसं नाही. रिबमधली खोली मापून बघायला सांगा.

घट्ट किती?

नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो आणि नव्या बेल्टसाठी वेगळा, वापरलेल्यासाठी वेगळा दिलेला असतो. पुस्तक हाताशी नसेल तर दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर मधोमध सुमारे १० किलोच्या जोराने अंगठा दाबा. छोट्या ट्रकचा व्ही-बेल्ट साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर चालतो. नवा व्ही-बेल्ट सुरुवातीला ताण सोडतो, म्हणून इंजिन १५-२० मिनिटं चालवून, बंद करून ताण पुन्हा बघायचा आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर आणखी एकदा. ही दुसरी तपासणी फुकट करून देईन असं जो गॅरेजवाला सांगतो, त्याला काम द्या.

जास्त घट्ट करणं हे कमी घट्टपेक्षा महागात पडतं. ढिल्या बेल्टने बेल्टच जातो. अति ताणलेल्या बेल्टने अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग आणि वॉटर पंपाचं बेअरिंग, सील जातात. आवाज बंद झाला म्हणजे काम झालं असं मानणाऱ्या मेकॅनिकबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे.

बेल्टवर मारायच्या स्प्रेवर पैसे घालू नका. आवाज थोडा वेळ दबतो, चिकट थरावर इथली वाळू बसते आणि रिब भरून जातात. तेल उडालेला बेल्ट धुऊन वाचत नाही, बदलावाच लागतो, आणि त्याआधी गळती थांबवावी लागते.

स्वतः करणार असाल तर इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची ऋण तार काढलेली, आणि इंजिन गार. चालू इंजिनात बेल्टजवळ बोट नेऊ नका. त्या बोटाची किंमत कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

आता खर्च

खालचे आकडे कँटरच्या आकाराचा ट्रक किंवा डिझेल पिकअप धरून आहेत, आणि ते बोलणी सुरू करण्यापुरते अंदाज आहेत, दरपत्रक नव्हे. इंजिन बदललं की आकडा बदलतो. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मजुरी यापेक्षा बरीच जास्त धरा.

नुसता ताण बसवून द्यायला छोट्या गॅरेजात २ ते ५ दिनार. काम अर्ध्या तासाचं. व्ही-बेल्ट चांगल्या जपानी कंपनीचा, बँडो किंवा मित्सुबोशी, एकेक २ ते ६ दिनार. रिबचा लांब बेल्ट ५ ते १५. बदलायची मजुरी ४ ते ८. टेन्शनर १२ पासून ४० पर्यंत जातो आणि इथे ‘ओरिजिनल’ आणि बाजारी मालातला फरक सर्वांत मोठा असतो. अल्टरनेटरची बेअरिंगं बदलून घ्यायला १० ते २० दिनार, पण आख्खा अल्टरनेटर बदलायचा झाला तर त्याच्या कितीतरी पट.

यातून एक हिशेब निघतो. समजा दोन व्ही-बेल्ट ८ दिनार, मजुरी ५. एकूण १३. गॅरेज व्हॅटसाठी नोंदणीकृत असेल तर त्यावर १० टक्के म्हणजे १.३००, बिल १४.३००. हे एकदाच लागतं. याउलट दर महिन्याला ३ दिनार देऊन पाना मारून घेतला तर पाच महिन्यांत १५ दिनार जातात, बेल्ट जुनाच राहतो आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगची पाळी जवळ येते.

मजुरी वाचवायची खरी जागा आणखी एक आहे. बेल्ट काढलाच आहे तर अल्टरनेटर, आयडलर, वॉटर पंप आणि एसीच्या कम्प्रेसरची पुली हाताने फिरवून बघायला सांगा. घरघर आहे का, पुली हलते का, पंपाच्या खालच्या छिद्राजवळ कूलंटचा डाग आहे का. या चार-पाच मिनिटांसाठी वेगळी मजुरी लागत नाही, कारण बेल्ट आधीच निघालेला असतो. त्यात काही सापडलं तर त्याच मजुरीत ते बदलून घ्या. दोन महिन्यांनी त्याच कामासाठी परत गाडी घातली की बेल्ट काढण्याचे पैसे दुसऱ्यांदा जातात आणि वर एक दिवसाचं भाडंही बुडतं. बऱ्याच नव्या पिकअपांत अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते. ती अडकली की बेल्ट फडफडतो, तेव्हा तिचीही चौकशी करा.

बिल आणि बोलणी

बहारीनच्या दिनाराचे १,००० फिल्स, म्हणून रक्कम तीन दशांशांत लिहितात. ‘२.५००’ म्हणजे अडीच दिनार. नवीन आलेल्या माणसाची इथे गल्लत होते, म्हणून फोनवर ऐकलेला आकडा लिहून दाखवायला सांगा. व्हॅट १ जानेवारी २०१९ला ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२२पासून १० टक्के आहे. वर्षाला ३७,५०० दिनारांहून कमी उलाढाल असलेल्या व्यवसायाला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला व्हॅट आकारता येत नाही. बिलावर व्हॅट लावला असेल तर त्यावर व्यवसायाचा व्हॅट क्रमांक हवा. तो दिसला नाही तर विचारा. विचारण्यात काही वावगं नाही.

बोलताना चार गोष्टी आधी ठरवून घ्या. बेल्ट कुठल्या कंपनीचा, बेल्टची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी किती, जुना बेल्ट परत मिळेल का, आणि आवाज परत आला तर किती दिवसांत फुकट बघणार. जुन्या बेल्टच्या पाठीवर नंबर असतो. ‘६ पीके १२३०’ म्हणजे सहा रिब, १,२३० मिलिमीटर लांबी. तो फोटो काढून दुकानात दाखवलात तर ‘जवळपासचा चालेल’ म्हणून दुसऱ्याच मापाचा बेल्ट गळ्यात पडत नाही. बेल्ट स्वतः विकत घेऊन नेला तर गॅरेजवाला मजुरीची हमी देतो का, हेही विचारा. काहीजण देत नाहीत.

बिल कागदावर घ्या किंवा फोनवर घ्या, पण घ्याच. बहारीनमध्ये २०१२ सालचा ३५वा कायदा ग्राहकांच्या संरक्षणाचा आहे आणि तक्रार उद्योग व वाणिज्य मंत्रालयाकडे करता येते. तिथे ‘तो असं म्हणाला होता’ याला वजन नसतं. कागदाला असतं.

गुदैबियात राहणाऱ्या अनेक मराठी चालकांची गाडी स्वतःची नसते, कंपनीची असते. त्यांनी खिशातले दोन दिनार देऊन पाना मारून घेऊ नये. आवाजाची ध्वनिफीत, गाडीचा क्रमांक आणि मीटरचं वाचन सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवावं, आणि ‘बेल्ट आवाज करतोय, तपासून द्या’ एवढं लिहावं. उद्या इंजिन तापून बंद पडलं आणि दोष कोणाचा हा प्रश्न निघाला, तर तारखेसकट तो एक निरोप तुमच्या बाजूने उभा राहील. गाडी तुमचीच असेल, तर जुन्यातला धड निघालेला एक बेल्ट आणि त्याला लागणारे दोन पाने सीटमागे बांधून ठेवा.