लहान आवाजातली जवारी

खामगाव, रविवार

चि. भाच्यास,

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलता आले असते, पण ही गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. मुंबईहून गिटारसाठी ५० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प मागवायचा म्हणतोस. ताईने अर्धे पैसे द्यायचे कबूलही केले आहेत. आणि ठेवणार कुठे, तर बुलढाण्याच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत, जिथे भिंतीपलीकडे घरमालकाची म्हातारी आई नऊ वाजता झोपते. मागवू नकोस. काहून, ते सांगतो.

तुला कोणता स्वर हवा आहे हे मला कळते. हलके छेडले तर काचेसारखा स्वच्छ, जोराने छेडले तर गुरगुरणारा, आणि तार सुटल्यावर तुटून न पडता फुलत जाणारा. हा ध्यास चांगलाच आहे. पण तो स्वर मोठ्या आवाजातच मिळतो ही तुझी समजूत अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागासाठीच हे पत्र.

तंबोरा जवळ बसून ऐकलास का कधी? मिरजेचे कारागीर त्याची घोडी घासून तिला असा बाक देतात की तार तिच्यावर एकाच बिंदूवर टेकत नाही, कंप पावताना तिला स्पर्श करत राहते. मग तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवायचा, की स्वर उघडतो. मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर जागे होतात. हीच जवारी. ॲम्पमधला व्हॉल्व्ह वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतो. त्याला पेलेल त्याहून मोठा सिग्नल दिला की तो लाटेचे शेंडे एकदम कापत नाही, दाबत दाबत गोल करतो, आणि त्या दाबण्यातून नवे उपस्वर जन्मतात. आता बघ, मैफलीत तंबोरा किती हळू वाजतो, तरी त्याची जवारी भरलेलीच असते. म्हणजे जवारी वेगळी आणि आवाज वेगळा.

मग या दोघांची गाठ पडली कशी? लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, तोही फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्पचा नमुना समोर ठेवून. त्या काळी सभागृहात गिटारसमोर माइक लावून तिचा आवाज मोठ्या स्पीकरवर सोडायची सोय जवळजवळ नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत ॲम्पनेच पोहोचायचे, म्हणून वॅट वाढत गेले आणि तीन वर्षांत १०० वॅटवर आले. ते वॅट सभागृहाची गरज म्हणून आले. स्टुडिओत तेव्हाही छोटे ॲम्प चालत. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० साली मायामीत ‘लायला’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले ते फेंडर चॅम्पवर. चॅम्प म्हणजे जेमतेम ५ वॅटचा, हातात उचलून नेता येणारा डबा.

तू म्हणशील, मग ५ वॅटचा घेतो. थोडा हिशेब कर. वॅट दहापट कमी केले की १० डेसिबल उतरतात आणि कानाला आवाज साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. ५० वरून ५ वर आलास तरी निम्माच. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबलच्या आसपास देतो. ५ वॅटला तो १०४ वर जातो. दहा बाय बाराच्या, स्लॅबच्या खोलीत हे घरातले वाजवणे नव्हे. अर्ध्या वॅटवर ९४ डेसिबल होतात. कामगारांचे कान वाचावेत म्हणून अमेरिकेत एनआयओएसएच या संस्थेने ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला दिवसाचा एकच तास. कान गेले की कोणताही ॲम्प ते परत आणत नाही.

म्हणून विचार वॅटपासून सुरू न करता सिग्नल कुठे दाबला जातो तिथून सुरू कर. अशा जागा मुख्यतः तीन. पहिली, आतला छोटा व्हॉल्व्ह, ईसीसी८३. अमेरिकन लोक त्याला १२एएक्स७ म्हणतात. दुसरी, आउटपुटचा मोठा व्हॉल्व्ह, छोट्या ॲम्पमध्ये बहुधा ईएल८४ किंवा ६व्ही६. तिसरी, स्पीकरचा कागदी कोन. पहिली जागा मास्टर व्हॉल्यूमच्या ॲम्पवर कितीही हळू आवाजात पूर्ण मिळते: गेन वर, मास्टर खाली. दुसरीसाठी ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये ॲटेन्युएटर बसवावा लागतो. तो व्हॉल्व्हला राबू देतो आणि वरची ताकद उष्णतेत जिरवतो. आणखी एक साधा उपाय आहे, ज्याकडे फारसे कुणी बघत नाही: कमी संवेदनशील स्पीकर. ९७ ऐवजी ८८ डेसिबलचा लावलास की वॅट आठपट कमी केल्याइतका फरक पडतो. तिसरी जागा मात्र घरात हाती लागत नाही. कोन जोराने हलल्याशिवाय तो बोलत नाही, आणि छातीला लागणारी हवाही तेव्हाच हलते. तेवढे मंडपासाठी राखून ठेव.

यात कानाचाही वाटा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल प्रयोगशाळेत मोजून दाखवले की आवाज उतरला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी पडतो. रात्री हळू वाजवताना स्वर पातळ लागतो तेव्हा दोष ॲम्पचा असतोच असे नाही. ज्या आवाजात वाजवणार, त्याच आवाजात बटणे लाव. बेस थोडा वाढव, गेन मात्र वाटतो त्यापेक्षा कमी ठेव. आणि ॲम्प जमिनीवर ठेवून उभ्याने वाजवू नकोस. स्पीकरचा तीव्र स्वर सरळ समोर जातो, तो तुझ्या गुडघ्यांना ऐकू येतो आणि तू वर ट्रेबल चढवत बसतोस. स्टुलावर ठेव, कानाच्या रोखाने थोडा मागे कलव. समोरच्या उघड्या भिंतीला कापसाची गादी उभी कर. आपल्या खामगावच्या बाजारातला कापूस एवढ्या कामाला तरी यावा! खोलीतला कर्कशपणा ती शोषते. खर्ज ती अडवणार नाही, तो भिंतीतून शेजारी जाणारच. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, पण नियमाआधी त्या म्हातारीची झोप आहे. दहानंतर हेडफोन आणि संगणकातला ॲम्प वापर. त्यात कमीपणा मानू नकोस. बोटांचा दाब, तार ओढण्याची हातोटी, गिटारवरचे व्हॉल्यूम बटण सातवर आणून स्वर स्वच्छ करण्याची सवय, हे सगळे तिथेही तितकेच शिकता येते.

आता जे सांगतो ते नीट ऐक. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालू करायचा नाही. मी विशीत असताना नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रासाठी उसना आणलेला व्हॉल्व्हचा ॲम्प घाईत स्पीकरची वायर न लावता वाजवला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला, आणि तो भरून द्यायला आजोबांना कापसाच्या पैशांतून रक्कम काढावी लागली. ॲम्प आणि स्पीकरचे ओहम जुळव: ८ च्या जागी ८, १६ च्या जागी १६. मागचे झाकण स्वतः उघडू नकोस. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात. त्यात जीव जातो. अमेरिकेहून आलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्वस्त मिळाला तरी आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला सरळ लावायचा नाही. उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होते, तेव्हा स्टॅबिलायझर लाव. आणि घरमालकाला सांगून अर्थिंग तपासून घे.

माझे मत विचारशील तर एकच: मास्टर व्हॉल्यूम असलेला, अर्ध्या वॅटवर उतरणारा छोटा ॲम्प घे आणि उरलेल्या पैशांत कमी संवेदनशील पण चांगला स्पीकर. बोथ्याच्या घाटातून एसटीने तो मांडीवर घेऊनही आणता येईल.

पैसे देण्याआधी एकदा इकडे ये. गिटार घेऊन ये. माझ्याकडे एक छोटा व्हॉल्व्ह ॲम्प आणि दोन वेगवेगळे स्पीकर आहेत. तू डोळे मिटून बस, मी वायर बदलत जातो. कोणता हवा ते तुझ्या कानाने सांग. मामी शेवभाजी करणार आहे. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा