मन लागत नाही, ते का?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत असत. राहायच्या इतवारीकडे. सकाळी दोन घरचा स्वयंपाक, दुपारी आपल्या घरचे काम, आणि रात्री आठ वाजता वही घेऊन वर्गात हजर! वय पन्नाशीच्या आसपास. चार महिन्यांत त्यांना बाराखडी आली, सही आली, बसवरची पाटी वाचता येऊ लागली.

मग काय झाले कोण जाणे, मावशी मागे पडू लागल्या. काल वाचलेला धडा आज नवा वाटायचा. ओळ वाचता वाचता नजर भलतीकडेच जायची. कुणी सहज हसले तरी डोळ्यांत पाणी यायचे. एक दिवस वही मिटून म्हणाल्या, "ताई, माह्या डोक्यात काहीच राहत नाही. शिकणं माह्या नशिबातच नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आम्हीही चुकलो. कंटाळल्या असतील, असे समजून गप्प बसलो. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळले की मावशींना सहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. वर्गात कधी बोलल्या नाहीत. लाज वाटे म्हणे!

साखरेचा आजार म्हणजे मधुमेह. २०२३ साली देशभरच्या मोठ्या पाहणीचे आकडे छापून आले. त्यात भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक लोक आहेत असे निघाले. इतक्या लोकांना जे झाले, त्याची लाज कसली?

या आजारात पाय जपा, डोळे तपासा, गोड खाऊ नका, हे सगळेच सांगतात. मनाचे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धडा.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या पन्नासाव्या भागाएवढाच. पण शरीराला लागणाऱ्या शक्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे रक्तातली साखर. चुलीत लाकूड कमी पडले तर भाकरी कच्ची राहते, आणि जास्त कोंबले तर नुसता धूर होतो. मेंदूचे तसेच आहे.

मावशींचे काय होत होते ते पाहा. पहाटे सहाला त्या काळ्या चहाबरोबर साखरेची गोळी घेत आणि कामाला निघत. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायच्या, पण स्वतःच्या पोटात अकरापर्यंत काही नाही. साखर खाली ओढणाऱ्या काही गोळ्या असतात. त्या घेऊन, किंवा इन्सुलिनची सुई घेऊन, उपाशी राहिले की साखर फार खाली जाते. ७० च्या खाली गेली की ती कमी झाली असे समजावे. मग हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते. शब्द आठवत नाही. उगाच राग येतो. घरचे म्हणतात, "हिला आजकाल झालंय काय?" एकादशीला, नवरात्रात, रोजाच्या महिन्यात हे पुष्कळांना होते. उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारून करावा.

अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटे बसावे. तरी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि बरे वाटले की काहीतरी खावे. साखरेच्या रोग्याने साखर खायची? हो, त्या वेळेला तेच औषध! मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे.

हा आजार मुलांनाही होतो. त्यांना जन्मभर रोज इन्सुलिन लागते, आणि गरिबाला ते परवडत नाही. आपल्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी अशा गरीब मुलांना इन्सुलिन मिळावे म्हणून १९९५ साली ड्रीम ट्रस्ट ही संस्था काढली. असे मूल वर्गात शून्यात बघत बसले, तर मास्तरांनी छडी शोधू नये. आधी त्याचा डबा खाऊन झाला का ते विचारावे.

साखर फार वाढली तर वेगळा त्रास होतो. अंग जड पडते, झापड येते, तहान भागत नाही. डोळ्यांपुढची अक्षरे पुसट होतात. पुष्कळ जण धावत जाऊन चष्मा करून आणतात, आणि साखर उतरली की तोच चष्मा लागत नाही. पैसे वाया! आधी साखर तपासावी. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते, झोप मोडते. झोप मोडलेल्या माणसाचे मन कशात लागणार?

आणखी एक गोष्ट आहे. मेटफॉर्मिन नावाची गोळी बहुतेकांना असते. गोळी चांगली आहे. पण ती वर्षानुवर्षे घेतली तर काहींच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडते. मग पायाला मुंग्या येतात, विसरायला होते, उदास वाटते. थायरॉइडच्या गाठीचे काम मंदावले तरी असेच होते. रक्त तपासले की दोन्ही कळतात. आपल्या मनाने गोळी मात्र बंद करू नये.

मावशींच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. न्याहरी केल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही असे बजावले. हात कापणे थांबले. आम्हाला वाटले, झाले काम! पण मावशींचा चेहरा उतरलेलाच. त्या रात्री जाग्या असत. आवडीचे भजन ऐकायलाही जात नसत. शेवटी एकदा बोलल्या. शेजारच्या एका माणसाचा साखरेने पाय कापला होता. तो पाय त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शिवाय लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मोठ्याने म्हणाले होते, "हिला वाढू नका हो, ही साखरेची आहे!" तेव्हापासून त्या पंगतीला जात नव्हत्या.

आम्ही स्पष्टच सांगतो, असे बोलणारी माणसे काळजीने बोलतात, पण घाव घालतात. संत्रा बर्फीचा तुकडा नाही मिळाला तरी चालते. चारचौघांत अपमान झालेला चालत नाही.

मधुमेहाच्या माणसाला उदासीचा आजार होण्याचा संभव इतरांच्या दुप्पट असतो, असे डॉक्टर सांगतात. रोजची गोळी, रोजचे पथ्य, रोजची धास्ती, आणि त्याला एक दिवसाची सुट्टी नाही. मन खचले की माणूस फिरायला जात नाही, गोळी चुकवतो. मग साखर चढते. साखर चढली की मन आणखी खचते. घाण्याच्या बैलासारखे तिथल्या तिथे फिरणे होते.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अनेक वर्षे मधुमेह होता. पाय दुखत, नजर मंदावली होती, झोप नीट लागत नसे. १९४८ साली त्यांचे लग्न झाले. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. त्या त्यांचे इन्सुलिन आणि पथ्य सांभाळत. १९५६ च्या जुलैत बाबासाहेब फार खिन्न होते. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी हे लिहून ठेवले आहे. बाबासाहेबांनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले, तेव्हा डोळ्यांत पाणी होते. ते दुःख केवळ आजाराचे नव्हते. हाती घेतलेले काम आपल्या हातून पुरे होईल का, ही तळमळ होती. पण शरीर थकलेले असले की अशी तळमळ दुप्पट जड होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते नागपूरला आले. सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. १४ तारखेला आज जिथे दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर त्यांनी लाखो लोकांसमोर धम्मदीक्षा घेतली आणि लोकांना दिली. हातात काठी होती, आणि आधाराला खांदा रत्तूंचा होता. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मावशी एवढेच म्हणाल्या, "त्यायलेही खांदा लागला!"

तर खांदा शोधायचा. नवरा, लेक, बहीण, शेजारीण, कुणीही चालेल. दोन आठवडे उलटले आणि मन रोजच जड असेल, कशात गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना जसे साखरेचे सांगता तसे मनाचेही सांगावे. नागपूरच्या मेडिकलमध्ये मनाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. तिथे जाणारा वेडा नसतो. बोलून, गरज पडली तर औषधाने, हा आजार बरा होतो. १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे. सरकारने तो २०२२ साली सुरू केला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. "जगून काय करू" असे मनात आले तर उद्यावर टाकू नये. त्याच घटकेला जवळच्या माणसाला सांगावे आणि हा नंबर फिरवावा.

मावशी मेडिकलला दोनदा गेल्या. पहिल्यांदा आमच्यापैकी एकजण बरोबर होती, दुसऱ्यांदा त्या एकट्याच गेल्या. संध्याकाळी जेवल्यावर त्या गांधीसागराकडे चालायला जाऊ लागल्या, शेजारणीला घेऊन. आणि वर्गात परत आल्या.

त्यांना आम्ही वहीत चार खाने आखून दिले. तारीख, वेळ, साखर, मन. मुलाने साखर मोजायचे लहान यंत्र आणले. त्याच्या पट्ट्या महाग, म्हणून रोज नाही, मन बिघडले किंवा हात कापले की मोजायचे. पहिल्या पानावर एक ओळ अशी आहे: सकाळी ११, साखर ५८, मन चिडचिड. त्या दिवशी न्याहरी राहिली होती. खाली दुसरी ओळ: रात्री ९, साखर १३०, मन जड. साखर ठीक आहे, तरी मन जड. हीच ओळ डॉक्टरांना फार उपयोगी पडली. साखरेची उदासी कोणती आणि मनाची कोणती, ते या वहीनेच वेगळे करून दाखवले.

तुम्हाला किंवा घरात कुणाला साखर असेल तर आजच चार खाने आखा. चौथ्या खान्यात मोठे लिहायची गरज नाही. बरे, जड, चिडचिड, भीती, एवढे शब्द आपल्याला आता येतात. मावशी काल 'जड' हा शब्द खोडून 'थोडे जड' असे लिहीत होत्या. 'थ' पहिल्यांदा चुकला, मग बरोबर आला.