मला कोराच आवडतो

अगं, परवा फोनवर तू बोललीस ते मनात घोळतंय. म्हसा गावाजवळच्या पाड्यावर शाळा मिळाली, पोरं लाघवी आहेत, पण घरोघरी गेलं की प्रत्येक दारात "बाय, च्या घे" आणि तो कोरा, गोडमिट्ट चहा तुझ्या घशाखाली उतरत नाही. मग तू "आत्ताच घेऊन आले" म्हणून सुटका करून घेतेस. तुझं चुकतंय असं म्हणायला मी बसलेली नाही. पण मी नर्स म्हणून डोळखांबकडच्या पाड्यांवर बरीच वर्षं फिरले, तेव्हा या एका कपाबद्दल मला तुला नीट सांगायचंय.

नव्या बाई दारात आल्या की काय होतं, ते एकदा बारकाईने बघ. तू खाटेवर टेकतेस, घरातली बाई हसून आत जाते, आणि कितीतरी घरांत तेवढ्यात एखादं पोरगं मागच्या अंगाने धूम पळतं. ते दुकानात जातं. बाईंसाठी दुधाची लहान पिशवी आणायला, बहुतेक वेळा उधारीवर. घरात दुभतं जनावर नसतं, रोजचा चहा कोराच असतो. पण पाहुण्याला कोरा कसा द्यायचा, ही त्या माउलीची लाज. तू "नको" म्हणालीस तर ती दुखावते, आणि "हो" म्हणालीस तर पिशवीची उधारी चढते. यातून निघायची वाट एकच आहे. उंबऱ्यावर पाय ठेवतानाच, पोरगं पळायच्या आत, मोकळ्या आवाजात म्हणायचं, "वैनी, दूध नको हं, मला कोराच आवडतो."

फक्त ते खरं असायला हवं. पाड्यावरच्या बायका तोंड वाचतात. पहिल्या घोटाला तुझ्या कपाळावर आठी पडली की पुढच्या वेळी पोरगं पुन्हा दुकानात गेलंच म्हणून समज. म्हणून म्हणते, तो चहा आवडून घे. आवड लावून घेता येते.

आधी आपली जीभ अशी का झाली ते समजून घे. आपल्या डब्यातली पत्ती म्हणजे बारीक गोळीदार दाणे. पान चिरडून, फाडून, वळवून ती बनते. हे काम करणारी यंत्रं १९३० च्या दशकात आसामात आली. थोड्या पत्तीत झटपट गडद रंग आणि कडक चव उतरावी, दूध-साखरेतही ती टिकावी, यासाठी हा दाणा फार सोयीचा. तेव्हा दूध काढून घेतलं आणि तसंच खळखळा उकळलं तर चहा कडू आणि तुरट लागणारच. आता पाड्यावरची बाई काय करते ते चुलीशी बसून बघ. जर्मनच्या टोपात आधण, त्यात आधी साखर किंवा गूळ, दारातल्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून टाकलेली, आणि पत्ती अगदी शेवटी, चिमटीने. एक उकळी आली की टोप लगेच खाली उतरतो. गाळून पेल्यात ओतला की तळ दिसेल इतका लालसर. पत्ती पुरवून वापरायची म्हणून ती कमी घालते, हे खरं. पण कमी पत्ती, एकच उकळी, ही बिनदुधाच्या चहाची अगदी योग्य रीत आहे, आणि ती तिला कोणी शिकवलेली नाही.

घरीही सराव कर. सुट्टीत कल्याणला गेलीस की दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीच्या चहाची लहानशी पुडी आण. थंडी सरताना, मार्चच्या सुमाराला जी कोवळी पालवी खुडतात तिचा हा चहा. दार्जिलिंगचा चहा म्हणजे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालेला माल, २००४ सालचं. पाणी उकळून गॅस बंद कर, मग पाती टाक, झाकण ठेव, तीन मिनिटांनी गाळ. दूध नाही, साखर नाही. रंग इतका फिका येईल की तुला वाटेल काही उतरलंच नाही. तरी पी. पहिला घोट जिभेवर थोडा थांबव, गिळल्यावर नाकाने श्वास सोड, आणि वास कुठून येतो ते शोध. हातात मोबाईल नको, पुढ्यात वह्यांचा गठ्ठा नको. तो कप संपेपर्यंत दुसरं काही करायचं नाही, एवढाच नियम. पुढे कांगड्याचा हिरवा चहा आण. त्याला उकळतं पाणी सोसत नाही, चार-पाच मिनिटं निवू देऊन मगच ओत. काश्मिरी ओळखीचं कोणी भेटलं तर नून चाय माग. मीठ घातलेला, सोड्याने गुलाबी झालेला चहा पहिल्यांदा पिताना जीभ पार गोंधळते. गोंधळू दे. हे गोड हवं होतं, हे दाट हवं होतं, ही मनातली कुरकुर थांबली की समोर जे आहे त्याची चव लागायला लागते.

एक गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. आसामातल्या सिंगफो लोकांकडे चहा पूर्वापार होता. पानं भाजून, बांबूच्या नळकांड्यात ठासून, चुलीवरच्या धुरात सुकवायची त्यांची रीत आजही आहे. त्याला ते फालाप म्हणतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला आसामातलं चहाचं झाड दाखवलं ते सिंगफोंच्या बिसा गाम या प्रमुखाने. पुढचे मळे, कंपन्या, लिलाव सगळं त्यानंतरचं. तेव्हा पाड्यावरच्या कातकरणीच्या हातचा कोरा चहा म्हणजे आपल्या चहातून काहीतरी वजा केलेला चहा, असं मनात कधी आणू नकोस. आसामातल्या चहाची मूळ ओळख एका आदिवासी चुलीपाशीच झाली.

आणखी एक वाचलेलं सांगते. जपानमध्ये सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाचे चहाचे थोर गुरू होऊन गेले. त्यांच्या परंपरेतल्या चहाच्या खोलीचं दार जेमतेम दोन फुटांचं असतं. कितीही मोठा सरदार असो, तलवार बाहेर ठेवून, वाकूनच आत यायचं. मला हे वाचताना कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरं आठवली. तिथेही तू वाकूनच आत जातेस ना? आत गेलीस की हजेरीचं रजिस्टर पिशवीतच राहू दे. कोरा चहा कढत असतो. बशीत ओतून फुंकर घालत प्यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात ती बाई बोलायला लागते. आपण विचारायच्या आधी. दिवाळी सरली की मुकादम येणार, उचल घेतलीय, वीटभट्टीवर जायचंय, धाकट्याला आजीपाशी ठेवू की बरोबर नेऊ. तुझ्या वर्गातलं कोण पावसाच्या तोंडापर्यंत दिसणार नाही, हे तुला कुठल्याही तक्त्याआधी त्या बशीपाशी कळेल, आणि कळलं तर त्या पोरासाठी वेळेवर काही करता येईल. माझ्या कामातही असंच व्हायचं. पोटुशी बाई घाईच्या चौकशीत काही सांगत नसे. चहा अर्धा संपला की सांगायची.

आता दुसरी बाजू, कारण मी नर्स आहे आणि हे लपवणार नाही. गरिबीतून आलेल्या कोऱ्या चहाचे गोडवे गात बसायचं नाही. सकाळी पोटभर भाकरीऐवजी पोराच्या हातात चहा आणि बटर येतो, तेव्हा त्यात कौतुकाचं काही नसतं. चहा जेवणाबरोबर घेतला की अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त आधीच कमी. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवं, तान्ह्याला चहा अजिबात नको, हे सांगायलाच हवं. फक्त तिच्याच हातचा पेला ओठाला लावून पहिल्याच भेटीत उपदेश करू नकोस. ओळख मुरली, तिने तुला चुलीजवळ बसवलं की सांग. तेव्हा ती ऐकेल.

आणि त्यांना काही द्यायचं तर कसं, तेही तू विचारलंस म्हणून सांगते. भारीतल्या चहाच्या पुड्या पाड्यावर वाटू नकोस, त्याने ती संकोचते. महिन्यातून एखाद्या वेळी त्यांच्याच दुकानातली, त्यांचीच नेहमीची पत्ती आणि थोडी साखर घे, आणि चुलीपाशी न बोलता ठेवून दे. दार्जिलिंग मात्र तुझ्या खोलीवर. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरेल. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, माणसांची रीघ. पाड्यावरच्या बायका जत्रेला म्हशात येतातच. त्यांना आधीपासून सांगून ठेव, की उन्हं कलली की बाईंच्या खोलीवर यायचं. चटई टाक, त्यांच्यासमोरच पाणी उकळ, पाती हातात देऊन वास घ्यायला सांग. कुठल्या डोंगरातली पानं, कोणी खुडली, ते सांग. मळ्यावर काम करणाऱ्या बाया म्हटल्यावर त्या मजुरी किती, लेकरं कुठे ठेवतात, असं लगेच विचारतील. विचारू दे. आणि कोणी घोट घेऊन "बाय, ह्यात काय चवच नाय" म्हणाली, तर हसून दुसरं आधण ठेव, आलं ठेचून घाल आणि त्या दिवशी दूध तू आण. जास्तीचे पेले लागतील, माझ्याकडचे पाठवू का ते कळव.