स्लॅबखालची झाडं

कळंबला स्लॅबचं घर बांधलं आणि फेब्रुवारीत हौसेने सहा कॅलाथिया आणल्या. नर्सरीत हिरव्या जाळीखाली, तुषारांच्या गारव्यात त्या अशा टवटवीत होत्या की 'सावलीतलं झाड आहे, घरात छान राहील' एवढं ऐकून मी पैसे मोजले. सावली वेगळी आणि गारवा वेगळा, हे एप्रिलात कळलं.

पानांच्या कडा करपल्या, पानं सुरळीसारखी वळली. मला वाटलं, तहानली असतील. दोन वेळा पाणी घालत सुटले. मे संपता संपता कुंडी उपडी केली तर कोकोपीटचा चिखल, आणि मुळं काळी, कुजकट वासाची. उकाड्याने अर्धमेली झालेली झाडं मी पाणी पाजून मारली होती.

मग भिंतीवर साधा तापमापक टांगला. वरच्या खोलीत दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सातला पारा जास्त, 38! स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडला की खाली सोडतो. त्याच वेळी तळमजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी 32.

तेव्हा झाड आणायच्या आधी त्या जागी चार दिवस तापमापक ठेवा आणि रात्री आठला बघा. पारा 35 च्या वर असेल तर स्नेक प्लांट किंवा झेडझेड. स्नेक प्लांट दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतो, रात्री उघडतो. झेडझेड मातीखालच्या जाड गड्ड्यांत पाणी साठवतो. 30 च्या आसपास मनी प्लांट, सिंगोनियम चालतात. पीस लिली मोरीजवळच्या उजेडात. एसीच्या झोतात मात्र काहीच नको. आणि पावसाळ्यात हात आवरा: कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही, बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात आदिवासी बायका फोडशी या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात ना? घरातला स्पायडर प्लांट तिचाच भाऊबंद, दोघंही क्लोरोफायटम. फोडशी अख्खा उन्हाळा जमिनीखाली काढते आणि पावसाबरोबर वर येते. स्पायडर प्लांटचीही मुळं तशीच मांसल. हे कळल्यावर मी तो आणला. पहिल्या मेमध्ये शेंडे करपले, तसा जिन्याखाली उतरवला. आता त्याची पिल्लं शेजारणी मागून नेतात.